किनारा कोणाचा? – माथानी साल्ढाणा आणि गोव्याचे रापणकार

(बंगळूर येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रापासून दूर, सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या बंगळूर शहरात गोव्याच्या एका मच्छीमार नेत्याची आठवण काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर बाजारात मिळते. या शहराच्या ताटातला बांगडा मंगळूर-कारवारकडून येतो. दुसरे उत्तर याच शहराच्या तलावांपाशी आहे. 2004 नंतर हेब्बाळ, नागवारा यांसारखे तलाव विकासाच्या नावाखाली खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आले. जेथे मासे धरणारे आणि गुरे चारणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या येत होते, तेथे कुंपण आणि तिकीटखिडकी उभी राहिली. प्रकरण 2008 साली कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. पाणी कोणाचे, काठ कोणाचा, हा जो प्रश्न बंगळूरच्या तलावांवर उभा राहिला, तोच गोव्याच्या वाळूवर त्याआधी तीन दशके विचारला जात होता. आणि तो विचारणाऱ्यांत माथानी साल्ढाणा यांचे नाव अग्रभागी होते.

साल्ढाणा पेशाने शिक्षक. स्वतः जाळे ओढून पोट भरणाऱ्यांपैकी ते नव्हते, पण ज्यांचे पोट जाळ्यावर होते त्यांची संघटना उभारण्यात त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ ही ती संघटना. 1978 साली देशातील लहान मच्छीमारांच्या संघटना राष्ट्रीय पातळीवर एकत्र आल्या, तेव्हा त्या मंचाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

हा लढा समजून घ्यायचा तर आधी रापण म्हणजे काय ते समजले पाहिजे. पठारावरच्या कार्यकर्त्यांना ते ठाऊक असेलच असे नाही. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात शिरते, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक घेऊन थोड्या अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन रांगा दोन्ही दोर ओढू लागतात. डझनावारी माणसे लागतात. त्यांत म्हातारे असतात, पोरे असतात. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात आणि अखेरीस बांगडे, तारली यांनी भरलेले जाळे वाळूवर येते. तेथेच वाटे पडतात, तेथेच बायका टोपल्या भरून बाजाराला निघतात.

म्हणजे रापणीला दोन गोष्टी लागतात: किनाऱ्याजवळ येणारा मासा आणि मोकळी वाळू. गोव्यातील विकासाने या दोन्हींवर घाला घातला. पाण्याच्या बाजूने ट्रॉलर आला, जमिनीच्या बाजूने हॉटेल आले.

ट्रॉलर सरकारी उत्तेजनाने आला. परदेशात कोळंबीला भाव होता, परकीय चलन हवे होते आणि कर्जे-अनुदाने उपलब्ध होती. ती कोणाला मिळाली? तारण देण्याची ऐपत असलेल्यांना, ज्यांत समुद्रावर पाऊल न टाकलेले धनिकही होते. कोळंबी उथळ पाण्यात, तळाशी असते. म्हणून ट्रॉलर खोल समुद्रात न जाता किनाऱ्यालगत तळ खरवडू लागले. माशांची पिल्ले त्यात गेली, रापणींची जाळी फाटली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून रापणकार रस्त्यावर उतरले. मोर्चे निघाले, समुद्रात चकमकी झडल्या. किनाऱ्यापासून ठराविक अंतरात यांत्रिक मासेमारीला बंदी घाला, ही त्यांची मुख्य मागणी होती.

अखेर 1980 साली गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. केरळचा कायदा त्याच वर्षीचा, महाराष्ट्राचा 1981 चा, कर्नाटकाचा 1986 चा. हे कायदे दिल्लीच्या कृपेने आले नाहीत; किनाऱ्यावरच्या माणसांनी ते खेचून आणले, अगदी दोर ओढावा तसे. कायद्याची अंमलबजावणी मात्र निराळी गोष्ट. गस्तीची बोट नसेल तर पाण्यावर आखलेली सीमारेषा कोणाला दिसणार?

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करता कामा नये. रापणकार हा एकजिनसी वर्ग नव्हता. रापणीचे जाळे महाग असते. ज्याच्या मालकीचे जाळे, त्याचा वाटा मोठा. दोर ओढणारा आणि जाळ्याचा मालक एकाच मोर्चात चालत होते, पण एकाच पायरीवर उभे नव्हते. ट्रॉलरविरुद्धच्या लढ्यात ही एकजूट आवश्यक होती यात शंका नाही. तरीही आतला प्रश्न आत तसाच राहिला; आणि ट्रॉलरवर मजुरीने काम करणारा खलाशी हा तर शत्रूपक्षात गणला गेला. पारंपरिक विरुद्ध यांत्रिक, एवढ्याच भाषेत मांडणी झाली की भांडवल आणि श्रम यांच्यातला विरोध झाकला जातो.

आता वाळूचा प्रश्न. 27 नोव्हेंबर 1981 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्याला कायद्याचे रूप यायला 1991 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. दरम्यान हॉटेलांनी आपले बस्तान बसविले होते. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथे सरकारने लोकांची जमीन संपादन करून एका हॉटेल कंपनीला दिली. 1983 च्या करारात किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट खुली राहील अशी अट होती, पण कंपनीने बांधकाम वाढविले आणि वाट अडली. स्थानिक माणसे आणि गोवा फाउंडेशन न्यायालयात गेले. 2000 साली उच्च न्यायालयाने आणि 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला: समुद्रकिनारा हा सरकारकडे असलेला जनतेचा विश्वस्त ठेवा आहे, तो सरकारला कोणाच्या खाजगी सुखासाठी देता येत नाही, अडथळा पाडून टाका. यावर त्याच वर्षी, काँग्रेसच्या राजवटीत, गोवा सरकारने काय केले? भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून हॉटेलच्या बांधकामाला संरक्षण देण्याची तरतूद केली. राज्ययंत्रणा कोणाची, हे समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण अभ्यासवर्गाला मिळणार नाही.

आणि साल्ढाणा? त्यांच्या आयुष्यातील हा भाग पक्षाच्या व्यासपीठावरून गाळून चालणार नाही. 2002 साली ते कुठ्ठाळी मतदारसंघातून युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आले आणि मनोहर पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात गेले. रापणकारांच्या या नेत्याकडे पर्यटन खाते आले! पुढे त्यांनी थेट भारतीय जनता पक्षात प्रवेश केला, 2012 च्या मार्चमध्ये पुन्हा मंत्रिपदाची शपथ घेतली आणि अवघ्या काही दिवसांत, 21 मार्च रोजी, त्यांचे निधन झाले.

काही कॉम्रेड म्हणतील, अशा माणसाची आठवण कशासाठी? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टोलवाटोलवीचे उत्तर देऊ नये. जातीयवादी पक्षाच्या सरकारात बसणे ही चूक होती, आणि ज्या ख्रिस्ती व हिंदू मच्छीमारांनी खांद्याला खांदा लावून दोर ओढले त्यांच्या एकजुटीला ती तडा देणारी होती. पण 1970-80 च्या दशकांत डाव्या पक्षांनी त्या वाळूवर किती काम केले, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. खाणी, बंदर, कारखाने येथे लाल बावटा होता. रापणीच्या दोराला तो फार थोड्या ठिकाणी लागला. संघटित वर्गाच्या पक्षाने जी जागा रिकामी ठेवली ती एका शिक्षकाने भरली, आणि पुढे त्या शिक्षकाला प्रस्थापित पक्षांनी उचलले. दोष एकाच बाजूचा नाही.

मडगावातील दक्षिण गोव्याच्या जिल्हाधिकारी संकुलाला आज माथानी साल्ढाणा यांचे नाव आहे. ज्या कचेऱ्यांच्या दारात मच्छीमार निवेदने घेऊन उभे राहतात, त्यांतलीच ती एक.

मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीन जाळ्यांविरुद्ध तोच संघर्ष चालविला आणि 5 फेब्रुवारी 2016 रोजी महाराष्ट्र शासनाला निर्बंधांचा आदेश काढावा लागला. होन्नावरजवळ कासरकोड टोंका येथे खाजगी बंदराविरुद्ध मच्छीमार स्त्री-पुरुष पोलिसांसमोर उभे राहिले. उलट, जानेवारी 2019 च्या केंद्रीय अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणून ठेवला आहे. पन्नास मीटर वाळूत रापणीच्या दोन रांगा उभ्या कशा राहणार, दोर मागे किती ओढणार आणि होडी कोठे चढविणार, हे अधिसूचना लिहिणाऱ्याने मालवणात किंवा बाणावलीला जाऊन एकदा पाहायला हवे होते.