लेकीची लस आणि आईची लस



शेतमजूर बायकांच्या एका बैठकीत आम्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीची माहिती सांगत होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये परवाना मिळाला आहे, लेकींना वेळेवर टोचून घ्या, एवढेच आमचे सांगणे. तेव्हा निंदणाहून आलेल्या एक काकू उठल्या नि म्हणाल्या, "लेकीचं झालं भाऊ, पन माहं काय?" आम्ही निरुत्तर झालो. आजचे बोलणे म्हणजे काकूंना उशिरा दिलेले उत्तर होय.

हा रोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये ह्या रोगाच्या गाठीत त्याचा सोळावा प्रकार दाखविला, व २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुधा नवऱ्याकडूनच. तेव्हा आजारी बाईच्या चारित्र्याची चौकशी करणारांनी आधी आपले घर तपासावे. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जिच्यात ठाण मांडतो तिला पुढे कित्येक वर्षांनी धोका.

लेकीची लस विषाणूच्या कवचाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. म्हणजे चोराला दारातच अडविते. पण चोर आत शिरला की ह्या प्रतिद्रव्यांचा उपयोग होत नाही. आत तो ई-सहा व ई-सात अशी दोन प्रथिने निर्माण करतो, ती पेशीच्या राखणदारांना निकामी करतात, आणि पेशी बेबंद वाढू लागते. ह्या दोन प्रथिनांची ओळख शरीरातील मारक टी-पेशींना पटवून देणारी लस शास्त्रज्ञ शोधीत आहेत. तीच आईची लस.

अडचण पुढेच आहे. आपल्या ह्या आश्रमातील विवेकानंद जयंतीची महापंगत सर्वांना ठाऊक आहे. पुऱ्या आणि वांग्याची भाजी कितीही शिजो, ट्रॅक्टर पंगतीत फिरल्याशिवाय पानात काय पडणार? तसेच दंडात लस टोचून रक्तात सैनिक-पेशी तयार झाल्या, तरी गर्भाशयमुखाच्या त्वचेत त्या सहजी उतरत नाहीत. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१२ मध्ये उंदरांवर, नागिणीच्या जातीच्या एका विषाणूबाबत, निराळी युक्ती केली गेली: आधी लस टोचायची, मग योनिमार्गात पेशींना ओढून आणणारे द्रव्य लावायचे. पेशी आल्या आणि तेथे टिकल्याही.

माणसांत काय घडले? ई-सहा व ई-सातविरुद्धच्या एका लसीची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्करोगापूर्वीच्या जखमा लस घेतलेल्यांपैकी ४९.५ टक्के बायकांत उतरल्या. नुसते पाणी टोचल्यासारखे औषध घेतलेल्यांतही ३०.६ टक्के उतरल्या होत्या. फरक खरा, पण नुसता पहिला आकडा सांगून टाळ्या घेणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. पुढच्या मोठ्या चाचण्यांनी ही आशा पुरी केली नाही. म्हणून काकू, तुमची लस अजून दवाखान्यात आलेली नाही.

मग हात जोडून बसायचे काय? पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्याने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची तपासणी एकदाच करून, दोष आढळला तेथे उपचार केले. २००९ मध्ये निकाल आला: ३४,१२६ बायकांच्या ह्या गटात ह्या रोगाचे ३४ मृत्यू, नेहमीचीच व्यवस्था असलेल्या ३१,४८८ बायकांत ६४. हे परदेशात नव्हे, आपल्यासारख्याच ज्वारी-तुरीच्या मुलखात घडले.

काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, एकटी जाणार नाही. अखेर अकराजणी मिळून तपासणीला गेल्या. लाजेचा अडसर एकमेकींच्या सोबतीने दूर झाला, मजुरी मात्र बुडाली. तपासणीच्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी, ही मागणी आम्ही ह्या वर्षीच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर घातली आहे.