दुभाष्याचा खर्च कोणी सोसायचा?

(गडचिरोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



मुष्टियुद्धाच्या जगात एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. परदेशातून अमेरिकेत आलेल्या मुष्टियोद्ध्याला अस्खलित इंग्रजी बोलता आल्यावाचून तेथे पहिल्या प्रतीची कीर्ती आणि पैसा मिळेल काय, असा तो वाद आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न दूरचा, किंबहुना चैनीचा वाटेल. परंतु आश्रमशाळेच्या मैदानावर धावणाऱ्या माडिया मुलीला ‘इंग्रजी येत नाही, मग पुढे कशी जाशील?’ असे विचारले जाते, तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या वेषात उभा असतो. त्याचे उत्तर भावनेने न देता पुराव्याने दिले पाहिजे.

पुरावा इंग्रजीच्या आग्रहाला अनुकूल नाही. मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ स्पॅनिश बोलणारा. १९९३ च्या फेब्रुवारीत मेक्सिको शहराच्या अ‍ॅझ्टेका मैदानावर ग्रेग हॉगन या अमेरिकन मुष्टियोद्ध्याशी त्याची लढत झाली, तेव्हा ती पाहण्यास एक लाख तीस हजारांहून अधिक माणसे तिकीट काढून आली होती. त्याच देशाच्या साऊल ‘कनेलो’ अल्वारेझने २०१८ साली एका प्रक्षेपण कंपनीशी अकरा लढतींसाठी ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्या काळी त्याच्या मुलाखती स्पॅनिशमध्ये, दुभाष्यामार्फत होत असत. करारावर सही करताना त्याच्या इंग्रजीची परीक्षा कोणी घेतली नाही.

याहून बोलके उदाहरण गेन्नादी गोलोव्किनचे आहे. हा कझाकस्तानातील कारागंडा या कोळशाच्या शहरातला, खाणकामगाराचा मुलगा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या माणसाला त्या गावाची कल्पना सहज करता येईल. अमेरिकेत आल्यावर तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत थेट प्रेक्षकांशी बोलू लागला आणि लोकांना तो आवडलाही. २०१७ च्या सप्टेंबरात लास व्हेगास येथे त्याची व कनेलोची गाठ पडली. तीन प्रमुख संघटनांची विजेतेपदे त्या वेळी गोलोव्किनकडे होती. तरीही जाहीर झालेले हमीचे मानधन कनेलोला ५० लाख डॉलर आणि गोलोव्किनला ३० लाख डॉलर असे होते. विजेतेपदे एकाकडे, थोडेफार इंग्रजीही त्याच्याचकडे, आणि पैसा मात्र दुसऱ्याकडे अधिक! कारण कनेलोच्या पाठीशी सारा मेक्सिको आणि अमेरिकेत राहणारा स्पॅनिशभाषी समाज उभा होता. २०२० च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक सहा कोटींहून अधिक आहेत. तिकीट विकत घेणाऱ्याची भाषा कोणती, हे बाजार पाहतो. ठोसा मारणाऱ्याची भाषा त्याच्या लेखी दुय्यम असते.

जपानच्या नाओया इनोऊएने तर गंगा उलटी वाहवली. २०२२ साली इंग्लंडचा पॉल बटलर आणि २०२३ साली फिलाडेल्फियाचा स्टीफन फुल्टन हे दोघेही आपापली विजेतेपदे घेऊन त्याच्याशी लढण्यास टोकियोला गेले व हरून परतले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, ते जपानीभाषी मुष्टियोद्ध्याच्या दारी गेले. कारण जपानी प्रेक्षक आणि तेथील प्रक्षेपणाचा पैसा त्याच्या पाठीशी होता.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु येथेच थांबणे म्हणजे अर्धसत्यावर समाधान मानणे होय. भाषा न येण्याची किंमत असतेच. ती कोण मोजतो, एवढाच भेद आहे. कनेलोसाठी ती किंमत लढतींचे संयोजक मोजतात. ते दुभाषा नेमतात, वकील नेमतात, कारण त्यांना त्यातून नफा आहे. ज्याच्यातून अद्याप कोणाला नफा नाही, त्या खेळाडूला ती किंमत स्वतः मोजावी लागते.

ही किंमत केवळ पैशाची नसते. पनामाच्या रॉबर्टो दुरानने १९८० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्स येथे शुगर रे लेनर्डशी चाललेली लढत मध्येच सोडली. ‘नो मास’, म्हणजे ‘आता पुरे’, हे दोन शब्द त्याच्या तोंडी घातले गेले आणि जगभर पसरले. आपण ते शब्द उच्चारलेच नव्हते, असे दुरान पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिला. खरे काय ते असो. पण त्याचे खुलासे मागे पडले आणि ध्वनिक्षेपक ज्यांच्या हाती होता त्यांचे म्हणणे इतिहास होऊन बसले.

महाराष्ट्राला याचा अनुभव त्याआधी अठ्ठावीस वर्षे आलेला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या पैशावर. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. तेथे जपानच्या शोहाची इशीशी झालेली दीर्घ कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगोलग सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो पुढे करून भांडण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे या प्रसंगाच्या वृत्तांतांत नमूद आहे. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या प्रसंगातून ‘खाशाबांनी इंग्रजीवर अधिक मेहनत घ्यायला हवी होती’ असा बोध कोणी काढील काय? मल्लाचे काम कुस्ती करण्याचे. त्याच्या वतीने नियम सांगण्याचे काम पथकाचे. हेलसिंकीला जाण्याचा खर्च समाजाने सोसला. अर्ध्या तासाची विश्रांती मागणारा एक आवाज मात्र यंत्रणेला पुरवता आला नाही. उणीव मल्लाच्या जिभेत नव्हती, व्यवस्थेच्या हजेरीत होती.

आता गडचिरोलीकडे वळावे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा भाषांच्या दृष्टीने अत्यंत समृद्ध आहे. भामरागडला माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा परिसरातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली आणि आरमोरी-देसाईगंजकडे झाडीबोली. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे तीस लक्ष लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. अशा घरातली मुलगी खेळाडू होऊ पाहते तेव्हा तिला शाळेत मराठी, राज्याबाहेरच्या स्पर्धेत हिंदी आणि पुढच्या कागदपत्रांत इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. शहरातल्या मुलीला यांतली फार तर एखादी चढावी लागते. दोघींची शर्यत एकाच रेषेवरून सुरू होते, हे म्हणणे धादांत खोटे आहे.

उत्तेजक द्रव्यांविषयीचे नियम पाहा. आपल्या शरीरात काय गेले याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची, असे हे नियम मानतात. खोकल्याच्या औषधाच्या वेष्टनावरचे इंग्रजी वाचता आले नाही, एवढ्याने सुटका होत नाही. एका बाटलीवरच्या चार ओळी एखाद्या मुलीची अनेक वर्षांची मेहनत धुळीला मिळवू शकतात.

यंत्रणा मनावर घेते तेव्हा काय घडते, हेही याच वनप्रदेशाने दाखवले आहे. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात प्रशिक्षण, साधने आणि खर्च यांचा भार शासनाने उचलला होता. गुण मुलांचे होते. त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करण्याचे काम सार्वजनिक पैशाने केले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. इंग्रजी नको म्हणणे म्हणजे बहुजनांच्या मुलांना पुन्हा दाराबाहेर ठेवणे नव्हे काय? फुले दांपत्याने इंग्रजी विद्येचे स्वागत केले ते उगाच नाही. लोहियांचा रोखही इंग्रजी या भाषेवर नव्हता. मूठभरांच्या हाती सत्ता ठेवण्याचे साधन म्हणून तिचा जो सार्वजनिक वापर होतो, त्यावर होता. या दोन भूमिकांत दिसतो तेवढा विरोध नाही. आश्रमशाळेतल्या मुलाला उत्तम इंग्रजी शिकवलेच पाहिजे, आणि ते येत नाही म्हणून त्याला मैदानाबाहेर कोणी काढता कामा नये. इंग्रजी हे अवजार म्हणून द्यावे. जकातनाका म्हणून उभारू नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी मागण्या नेमक्या ठेवाव्यात. जिल्ह्यातील क्रीडा प्रशिक्षणात गोंडी व माडिया जाणणारा किमान एक सहायक असावा. निवडीचे निकष, करार आणि औषधांविषयीच्या सूचना मराठीत लिहून व मुलांच्या घरच्या भाषेत समजावून दिल्याखेरीज त्यांची सही घेऊ नये. राज्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक संघाबरोबर नियम जाणणारा आणि मुलांची भाषा बोलणारा माणूस असावा, व त्याचा प्रवासखर्च संघाच्या खर्चातच धरला जावा. यांतली एकही मागणी महागडी नाही. स्टेडियमच्या एका कमानीच्या खर्चात असे कितीतरी दुभाषे वर्षभर काम करतील.

आणि शासन हे करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. तालुक्याच्या स्पर्धेला मुले निघतील त्या दिवशी माडिया जाणणाऱ्या एका कार्यकर्त्याने त्यांच्याबरोबर जावे, नियमांचा कागद वाचून दाखवावा आणि पंचाशी बोलण्याची वेळ आली तर मुलाच्या शेजारी उभे राहावे. हेलसिंकीला खाशाबांच्या शेजारची जागा रिकामी होती. धानोरा आणि भामरागडच्या मैदानांवर ती रिकामी राहू नये, एवढे तरी संघटनेच्या हाती निश्चितच आहे.