दुखणे दिसत नाही म्हणून

शाळेची वेळ झाली आहे आणि पोरगी अजून अंथरुणातच आहे. म्हणते, “माय वो, पाय लय दुखून राह्यले.” हात लावून पाहावा तर ताप नाही, सूज नाही. मग घरात कोणीतरी म्हणतेच, “शाळा चुकवायचं सोंग आहे!”

मायबापहो, आपल्या वर्धा जिल्ह्यात अशा दुखण्यामागे कधी कधी सिकलसेल असू शकतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या नि ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाटात कचरा तुंबला म्हणजे पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही ना? तसेच हाडांना रक्त पोचत नाही आणि कळा सुटतात. हा आजार शिवून होत नाही. तो आईबापांच्या रक्तातून येतो. तेव्हा आधी सरकारी दवाखान्यात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया घेतल्याने कळांचे झटके कमी होतात.

पण झटका ओसरला म्हणजे काम संपले, असे समजू नका. वारंवार दुखणारे मूल हालचालीलाच भिऊ लागते. निजून निजून त्याचे स्नायू दुबळे होतात, झोप बिघडते, शाळा नि सोबती तुटतात. मग थोडे चालले तरी अधिकच दुखते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांच्या जुनाट दुखण्याबद्दल सल्ला दिला, त्यात औषधाबरोबर व्यायाम आणि मनाचा आधारही सांगितला आहे.

हे घरी कसे करावे? खुब्यात दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटले की आज अंगणात दहा मिनिटे चालवा, चार दिवसांनी पंधरा. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारी कसर भरून काढू नये, आणि थोडे दुखले म्हणून सारे सोडूनही देऊ नये. “दुखते का?” असे दहादा विचारण्यापेक्षा “आज काय काय केलंस?” असे विचारा. पाणी भरपूर पाजा, थंडीत अंग झाका.

गुरुजी, तुम्हालाही एक विनंती. अशा मुलाला वर्गात पाणी पिऊ द्या, लघवीला जाऊ द्या. पूर्ण दिवस झेपत नसेल तर अर्धा दिवस बसू द्या. पण नाव काढून टाकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही ध्यानात असू द्या.

मात्र ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, अंग एकाएकी पांढरे पडले किंवा एक बाजू लुळी झाली, तर घरी थांबू नका. तडक दवाखाना गाठा.

१९३७ साली याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हातांनी काम करीत शिकण्याचा विचार मांडला गेला. आपल्या दुखऱ्या लेकरालाही झेपेल ते काम द्या. बसल्या बसल्या शेंगा सोलू द्या, धाकट्याला पाढे शिकवू द्या. आपण घराच्या उपयोगी पडतो, हे त्याला कळू द्या.

आणि उद्या सकाळी ते “दुखते” म्हणाले, तर आधी एवढेच म्हणा, “खरं आहे, बाळा. चल, आज किती जमतं ते पाहू.”