एक्स-रेच्या खोलीपर्यंतची केबल



मांद्र्याला किंवा हरमलला पाडेली माडावरून पडला, की घरची माणसे त्याला गाडीत घालतानाच विचारतात, एक्स-रे कुठे निघेल? मशीन आहे असे कळले की जीव भांड्यात पडतो. त्या मशीनपर्यंत वीज नीट पोचते का, हे मात्र कुणी विचारत नाही. मी विद्युत अभियंता. इमारतींच्या विजेचे आराखडे करण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

एक्स-रे मशीनची भूक विचित्र असते. पंप, फ्रीज, एसी तासन्‌तास सारखी वीज घेतात. हे मशीन दिवसभर जवळजवळ गप्प असते आणि टेक्निशियनने बटण दाबले की सेकंदाच्या दहाव्या भागात मोठा घोट घेते. ५०० मिलिअँपिअर आणि १०० किलोव्होल्टवर फोटो काढायचा तर एकट्या नळीलाच ५० किलोवॅट लागतात. मधली हानी धरली तर पुरवठ्यावर ६५ केव्हीएच्या आसपास भार येतो, म्हणजे दर फेजमधून ९० अँपिअर. महिन्याच्या बिलात हा भार दिसतही नाही. त्यामुळे बारीक केबल टाकणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटत नाही. केबल तापत नाही, फ्यूज उडत नाही. व्होल्टेज तेवढे पडते, आणि तेही नेमके फोटोच्या क्षणी.

एका तालुक्याच्या इस्पितळात मला असेच बोलावले होते. नाव सांगत नाही. फिल्मचे दिवस होते. कंबरेला मार लागलेली एक म्हातारी टेबलावर होती. "आजी, श्वास धरा हां," म्हणत टेक्निशियनने बटण दाबले आणि खोलीतली ट्यूबलाइट क्षणभर मिणमिणली. फिल्म पांढुरकी आली. पुन्हा श्वास, पुन्हा बटण. दुसरा फोटो म्हणजे त्या आजीच्या अंगावर दुसऱ्यांदा किरण. मशीनचे सुटे भाग आधी दोनदा बदलून झाले होते. आम्ही मीटर लावला. एरवी ४१० व्होल्ट, बटण दाबताच ३६५. ट्रान्सफॉर्मरपासून २०० मीटरवर खोली, मध्ये ३५ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम केबल, तीही वॉर्डांच्या लाईनवरून जोडून घेतलेली, आणि एक जुना गंजका सांधा. आम्ही थेट ट्रान्सफॉर्मरवरून ९५ चौरस मिलिमीटरची वेगळी केबल ओढली. व्होल्टेज ३८८च्या खाली गेले नाही. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

आपल्याकडे कोल्हापूरच्या बाजूने सह्याद्री उतरून २२० केव्हीची वीज डिचोली तालुक्यातल्या आमोण्यापर्यंत येते. एवढ्या लांबून आलेली वीज शेवटच्या २०० मीटरमध्ये घालवावी, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. पेडणे-डिचोलीत खणाल तिथे जांभा लागतो. जुलैत तो भिजलेला असतो, तेव्हा अर्थिंग मोजले तर आकडा छान येतो. एप्रिल-मेमध्ये तोच जांभा ठणठणीत कोरडा होतो आणि रोध कितीतरी वाढतो. म्हणून अर्थिंग मे महिन्यात मोजावे आणि त्याच्या खड्ड्यात पाणी घालायचे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्यावे.

पावसात चुडत तारेवर पडले की करंट गेलाच. मग जनरेटर. सगळा वॉर्ड आरामात चालवणारा संच एक्स-रेचा झटका लागला की अडखळतो, कारण सेकंदाच्या दहाव्या भागात इंजिन सावरतच नाही. तिथे संच बराच मोठा घ्यावा, नाहीतर बॅटरीत वीज साठवून फोटो काढणारे मशीन घ्यावे. लहान केंद्रासाठी मला दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो. एमआरआयची गोष्ट वेगळी. त्याच्या चुंबकाभोवतीचे द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशांवर असते. ते थंड ठेवणारे यंत्र रुग्ण नसला तरी रात्रंदिवस चालावे लागते, म्हणून जनरेटरच्या हिशेबात ते आधी धरायचे.

एक्स-रेच्या खोलीच्या भिंती किती जाड, दाराला शिशाचा पत्रा आहे का, याबाबत अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. केबलची चौकशी आपणच करायची असते, आणि ती इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच. फरशी बसल्यावर चर खणायला कुणी तयार होत नाही.

तुये, कासारवर्णे, डिचोली, साखळी या भागांत आरोग्यसेवा वाढावी असे आपल्या सगळ्यांनाच वाटते. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात नवे मशीन येणार असे कानावर आले, तर पंचायतीत किंवा इस्पितळाच्या समितीत तीन प्रश्न जरूर विचारा: ट्रान्सफॉर्मरपासून वेगळी केबल आहे का, बटण दाबताना व्होल्टेज किती पडते ते मोजले का, आणि अर्थिंग कोणत्या महिन्यात तपासले? उत्तरे लेखी मागा.