रोगाला अंक आणि डॉक्टराला कारकुनी

डॉक्टराचें काम कोणतें, असें कोणाहि सुज्ञ माणसास विचारलें, तर तो सांगेल कीं, रोग्याची तक्रार ऐकावी, त्याची प्रकृति तपासावी आणि औषधयोजना करावी. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जो वैद्यकीचा व्यवसाय करतो, त्याच्या दिवसाचा मोठा भाग एका चौथ्याच कामांत खर्च होतो. तें काम म्हणजे रोग्याचा आजार आणि त्यावर केलेला उपचार यांचें अंकांत रूपांतर करणें. हे अंक आले कोठून, आणि त्यांचें ओझें डॉक्टरांच्या मानेवर कसें बसलें, हें पाहण्यासारखें आहे.

या अंकांचा जन्म पैशासाठीं झालेला नाहीं. लोक कोणत्या कारणांनीं मृत्यु पावतात याची नोंद सर्व राष्ट्रांनीं एकाच रीतीनें ठेवावी, या हेतूनें झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें एक यादी तयार केली, व ती १८९३ सालीं शिकागो येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनांत मांडली. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हें काम आपल्याकडे घेतलें, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचीहि वर्गवारी या यादींत आली. दुसरी यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशननें १९६६ सालीं काढली. तींत रोगांना नव्हे, तर डॉक्टरांनीं केलेल्या कामांना अंक दिलेले आहेत. १९६५ सालीं वृद्धांसाठीं मेडिकेअर हा सरकारी विम्याचा कायदा झाला होता. १९८३ पासून त्या विम्यांतून इस्पितळांना मिळणारी रक्कम रोगांच्या गटांवरून ठरूं लागली. जो अंक मोजदादीसाठीं जन्मला, त्याच्यावर आतां इस्पितळाची मिळकत अवलंबून राहिली.

अंकावर पैसा अवलंबून असला कीं, अंक सूक्ष्म होत जातो. १ ऑक्टोबर २०१५ रोजीं अमेरिकेनें रोगांची दहावी सुधारलेली यादी अमलांत आणली, तेव्हां सुमारें १४,००० संकेतांकांच्या जागीं सुमारें ६८,००० आले. मनगटाजवळचें हाड मोडलें, एवढें लिहून आतां भागत नाहीं. हाड कोणतें, हात उजवा कीं डावा, मोड कोणत्या प्रकारची, रोग्यावर उपचार चालू आहेत कीं तो बरा होत असतांना तपासणीसाठीं आला आहे, हें सर्व त्या सात अक्षरांच्या संकेतांकांत यावें लागतें. कोंबडीनें टोचल्याची आणि विमानाच्या इंजिनांत ओढलें गेल्याचीहि तींत स्वतंत्र नोंद आहे. ऐकणाऱ्यास हंसूं येतें. परंतु उजव्या-डाव्याचा उल्लेख राहिल्यामुळें ज्याचें बिल परत येतें, त्याला हंसूं येत नाहीं.

बिल परत येणें ही तेथें नित्याची बाब आहे. विमा कंपन्या अनेक, आणि प्रत्येकीचे नियम निराळे. कांहीं तपासण्या व औषधें यांसाठीं तर आधीं मंजुरी मागावी लागते, आणि ती येईपर्यंत रोग्यानें वाट पाहावयाची. मोठीं इस्पितळें या कामासाठीं स्वतंत्र खातें ठेवतात. चेन्नई, हैदराबाद, पुणें अशा शहरांतील कित्येक सुशिक्षित तरुण-तरुणी दूरच्या या रोग्यांच्या कागदांवर संकेतांक घालण्याचें काम करतात. परंतु लहान गांवांतील एकट्या डॉक्टराला असें खातें परवडत नाहीं. त्याला एक तर स्वतः रात्रीं बसावें लागतें, नाहीं तर दवाखाना एखाद्या मोठ्या संस्थेच्या स्वाधीन करावा लागतो.

२०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ५७ डॉक्टरांचा कामाचा वेळ मोजला गेला. रोग्यासमोर घालविलेल्या प्रत्येक तासामागें जवळजवळ दोन तास संगणकावर व टेबलावरील कामांत जातात, असें दिसून आलें. शिवाय रात्रीं घरीं एक-दोन तास निराळेच. २०२० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाप्रमाणें २०१७ मध्यें अमेरिकेच्या आरोग्यावरील खर्चापैकीं ३४.२ टक्के कारभारावर गेला. शेजारच्या कॅनडांत हें प्रमाण १७ टक्के होतें.

वेळ व पैसा यांहूनहि मोठी हानि टिपणाची झाली. १९९५ व १९९७ च्या नियमांप्रमाणें डॉक्टरानें किती अवयवांविषयीं विचारपूस केली, किती भाग तपासले, यांच्या संख्येवर त्याची फी ठरे. साहजिकच टिपणें फुगत गेलीं. कालचाच मजकूर आज पुन्हां उतरविला जाऊं लागला. रोग्याला पुढें तपासणाऱ्या डॉक्टरास नेमकें हवें असलेलें एक वाक्य त्या पसाऱ्यांत शोधावें लागे. अखेर १ जानेवारी २०२१ पासून दवाखान्यांतील भेटींपुरती ही मोजणी रद्द झाली, आणि डॉक्टरानें केलेला विचार किंवा दिलेला वेळ यांवरून फी ठरूं लागली. सुधारणा अशक्य नाहीं, एवढें यावरून सिद्ध झालें.

तथापि अंकच नकोत, असें म्हणणें शहाणपणाचें होणार नाहीं. २०२० सालीं कोविडची साथ पसरली, तेव्हां त्या रोगाला तातडीनें स्वतंत्र संकेतांक मिळाल्यामुळेंच निरनिराळ्या देशांचे आकडे एका मापानें मोजण्याची सोय झाली. सार्वजनिक पैसा खर्च होतो तेथें हिशेब मागितला जाणारच. न झालेल्या उपचारांचीं बिलें लावणारे लोकहि असतात. प्रश्न एवढाच आहे कीं, हिशेबाचें कष्ट कोणी सोसावयाचे आणि कोणत्या मर्यादेपर्यंत.

महाराष्ट्रांतहि आज सरकारी आरोग्य योजना व खासगी विमा यांच्याबरोबर पूर्वमंजुरी आणि ठराविक दरांचे उपचार रूढ झाले आहेत. अशा वेळीं अमेरिकेचा अनुभव उपयोगी पडावा. कागदावरील प्रत्येक नव्या रकान्यापुढें एक प्रश्न विचारला जावा: यानें रोग्याचें कांहीं हित होतें काय? होत असेल, तर तो रकाना अवश्य ठेवावा. होत नसेल, तर तो भरण्याचा भार ज्याला त्या माहितीची गरज आहे त्यानें उचलावा. समोर बसलेल्या रोग्याच्या वांट्याचा वेळ त्यासाठीं कापून घेऊं नये.