पंचनाम्यात न येणारी माणसे
(भाषणाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक निजलेले असताना, किल्लारीची भूमी हादरली. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे प्राणास मुकली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे जड छप्पर यांनीच त्यांना गाडले. कुडाच्या झोपडीत राहणारे अनेक गरीब मात्र वाचले. मृत्यूने तेथे गरीब-श्रीमंत हा नेहमीचा भेद पाळला नाही. पुनर्वसनाने तो पाळला. नव्याने वसविलेल्या गावांत भूमिहीनाला २५० चौरस फुटांचे घर मिळाले, तर मोठ्या जमीनधारकाला ७५० चौरस फुटांचे. गुरे, अवजारे, पडलेल्या वाड्याचा आकार असा काही विचार त्यामागे असेल. परंतु घराचे माप जमिनीवरून ठरले, घरातल्या माणसांवरून नव्हे.

या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला, हे समाजबांधवांना ठाऊक आहेच. धान्याची पोती वाटणे त्या मानाने सोपे असते. वाटप झाले की हिशेब मिटतो. अनाथ मुलाची शाळा वर्षानुवर्षे चालवावी लागते. भूकंपग्रस्त भागात घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. शासन काय देणार, अभियंता काय सांगतो, कोणाचे घर राहिले, हे त्या घरोघर जाऊन समजावीत आणि विचारीत. चावडीवर कधी न आलेल्या स्त्रीचे म्हणणे त्यामुळे प्रथमच कागदावर आले.

याच अनुभवांच्या वाटेने पुढे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ आला. त्याचे कलम ६१ सांगते की नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेद करता येणार नाही. कलम १२ मध्ये विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदीची अपेक्षा आहे. आणि कलम ४१ प्रमाणे आपले अधिकारी व कर्मचारी यांना आपत्तीसाठी प्रशिक्षित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे ग्रामपंचायतीचेही, कर्तव्य आहे. प्रशिक्षण म्हटले की दोर, शिट्टी, प्रथमोपचार पेटी एवढेच डोळ्यांसमोर येते. ते हवेच. मात्र मदत कोणापर्यंत पोहोचत नाही आणि का, हेही शिकवावेच लागते. ते शिकविल्याशिवाय कळत नाही, कारण भेद करणाऱ्याला आपण भेद करीत आहोत असे बहुधा वाटतच नाही. तो म्हणतो, सर्वांना सारखे दिले. कापड दुकानातला नवशिक्या मुलगादेखील एकाच मापाचे कापड सर्वांना फाडून देत नाही. अंगाची उंची पाहून माप ठरवितो.

बुलडाणा जिल्ह्यातले उदाहरण घ्यावे. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने शेती खरडून गेली. अशा वेळी पंचनामा होतो तो सातबाऱ्यावरील नावाने. जमीन ठोक्याने वा बटईने कसणाऱ्याने बियाणे, खत उधारीवर आणलेले असते. पीक त्याचे जाते, मदत मालकाच्या खात्यात येते. शेतमजुराच्या बुडालेल्या रोजगाराला पीक-पंचनाम्यात रकानाच नाही. नवऱ्यामागे शेत सांभाळणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नसेल, तर तिला वारस नोंदीपासून प्रारंभ करावा लागतो. येथे कोणी लबाडी केलेली नसते. सारे नियमानुसार झालेले असते, आणि नेमके तेच अधिक चिंताजनक आहे.

नियम बदलता येतात, हेही याच जिल्ह्यात दिसले. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या साहाय्याने शंभराहून अधिक यंत्रे लावून बुलडाणा जिल्ह्यातील तलाव-धरणांतील गाळ काढण्याचे काम केले. गाळ विनामूल्य होता, वाहतूक मात्र शेतकऱ्याची. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्याच्या शेतात गाळ. हे ओघानेच आले. शासनाने २०२३ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना नव्याने राबविताना अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकरी यांना गाळ नेऊन पसरण्यासाठी अनुदान ठेवले. दुष्काळाशी लढण्याच्या कामात हा छोटासा फरक पुष्कळ काही शिकवून जातो.

धामणगाव बढे येथील ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी एक दिवस या शिक्षणासाठी राखून ठेवावा. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका एकत्र बसाव्यात. व्याख्यान नको, गावाची यादी पुढ्यात घ्यावी. नाल्याकाठची घरे कोणाची? अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोणत्या गल्लीत? ठोक्याने शेती करणारे किती? हंगामासाठी पाल ठोकून राहणाऱ्यांची नावे कोणत्या वहीत आहेत? दवंडी वा ध्वनिक्षेपक ऐकू न येणाऱ्याला निरोप कोण देणार? निम्म्या जागांवर महिला सदस्य आहेत. त्यांनी आपापल्या प्रभागात ही यादी घरोघर पडताळावी, मग ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. राहिलेले नाव तेथेच कोणी तरी उठून सांगेल.

व्यापारी बांधवांचा भाग लहान, पण उपयोगाचा आहे. उधारीच्या वहीवरून कोणाचे घर कोणत्या महिन्यात अडते, हे दुकानदाराला बहुधा तहसीलाआधी कळते. ती नावे चारचौघांत न उच्चारता आशा सेविकेच्या कानावर घालता येतील, आणि ट्रस्टच्या मदतीची पहिली पाकिटे त्या दारी जाऊ शकतील, छायाचित्र न काढता.