आगोटीआधी विंचवाचा बंदोबस्त



मे महिना लागला की कोकणातल्या गावागावांतून मला एकच प्रश्न येतो. सर, विंचवावर कुठली पावडर मारू? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झुरळांची किंवा वाळवीची पावडर असते. ती टाकली की सकाळी झुरळं उताणी पडलेली दिसतात, तसं विंचवाचं व्हावं अशी त्याची साधी अपेक्षा. म्हणून आधीच सांगून टाकतो. जिच्या भरवशावर रात्री बिनघोर झोपावं, अशी विंचवाची पावडर बाजारात नाही.

याचं कारण विंचवाच्या राहणीत आहे. तो दिवसभर फटीच्या पोटात खोल बसलेला असतो, तिथे फवारा पोचत नाही. रात्री निघतो तो अंग जमिनीपासून उचलून, पायांच्या टोकांवर चालतो, त्यामुळे जमिनीवरची पावडर त्याला फारशी लागत नाही. त्याच्या शरीराचा सगळा कारभारच सावकाश चालतो. काही महिने पोटात काही गेलं नाही तरी तो तग धरतो. अशा प्राण्याला फवाऱ्याने मारायला जावं, तर बऱ्याचदा तो मरत नाही, नुसता बिथरतो आणि भिंतीतला होता तो माजघरात येतो. फिनेल, रॉकेल, हळद, कापूर यांचं तर नावच काढू नका. चुन्याचा उपयोग मात्र आहे. तो फट बुजवायला.

विंचू आपल्या घरी येतो तो दोन गोष्टींसाठी, अंग चोरायला फट आणि खायला झुरळ. रातकिडे, कोळी, वाळवी हेही त्याला चालतं, पण घरातलं हुकमी खाणं म्हणजे झुरळ. तेव्हा झुरळांचा बंदोबस्त केलात की निम्मं काम झालं, आणि त्यासाठी बाजारातलं औषध खरोखर उपयोगी पडतं. चुलीमागची जागा, मोरी, खरकट्याची बादली आणि जुन्या पुठ्ठ्यांची खोकी ही झुरळांची ठिकाणं. तिथे औषध लावा. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा.

आता फटी. आपलं घर जांभ्याचं, त्यावर मंगलोरी कौलं, आणि आवाराला बिनचुन्याचा गडगा. विंचवाला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. जांभा मुळातच भोकाभोकांचा दगड. दोन चिऱ्यांमधला दर्जा, म्हणजे सांधा, निघाला की आत बोटभर पोकळी तयार होते, आणि विंचवाचं अंग चपटं असल्यामुळे त्याला वहीच्या पुठ्ठ्याहून थोडी जाड फट मिळाली तरी पुरते. म्हणून पावसाआधी एक दिवस काढून, हातात थापी आणि सिमेंट घेऊन, घर आतून-बाहेरून पायापासून खिडकीच्या उंचीपर्यंत नीट न्याहाळा. दाराच्या चौकटीची कड, विजेची पाइप भिंतीत शिरते ती जागा, मोरीचं तोंड. मोरीला बारीक जाळी हवीच. दाराखाली बोट जात असेल, तर विंचू नक्की जातो. तिथे रबराची पट्टी ठोका. हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि सुताराची गरज लागत नाही.

गडगा तोडा असं मी सांगणार नाही, तो आपल्या आवाराची शोभा आहे. पण गडगा आणि घराची भिंत यांच्यामधला पट्टा झाडून मोकळा ठेवा. तिथे फुटकी कौलं, उरलेले चिरे, नारळाच्या झावळ्या, जुने पत्रे असं काही रचून ठेवू नका. 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेली ती कौलं दहा वर्षं तशीच पडून असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, कामं आणि विंचू यांची गाठ दरवर्षी पडते. या दिवसांत आपण वर्षभर न हलवलेल्या वस्तू हलवतो. कौलं चाळायला माणूस छपरावर चढतो आणि उघड्या हाताने कौल उचलतो. लाकूडफाटा बाहेरून पडवीत आणून रचतो. शेणी आत घेतो. उडवीतला पेंढा गोठ्यात टाकतो. या प्रत्येक कामात हात आधी जातो आणि नजर मागून. म्हणून हातात जाड हातमोजे घाला, नसतील तर गोणपाटाचे तुकडे गुंडाळा, आणि लाकूड काठीने उलथून मग उचला. सरपण घराच्या भिंतीला टेकवून रचू नका. भिंतीपासून हातभर सोडून, खाली चार चिरे ठेवून त्यावर रचा. घरात आणायचं ते त्या दिवसापुरतं. संध्याकाळी काळोखात सरपणाला हात घालायचाच नाही. बायकांना चुलीपाशी होणारे दंश याच सवयीतून होतात, आणि ही सवय फक्त त्यांची नाही, उशिरा सरपण फोडून देणाऱ्या पुरुषांचीही आहे.

लावणीच्या वेळी माळ्यावरून काढलेले गमबूट, खुंटीवरचा रेनकोट, शाळा सुरू होताना बाहेर काढलेलं पोराचं दप्तर, हे सगळं अंगणात नेऊन झटकायचं. बूट नुसता उलटा करून भागत नाही, टाच जमिनीवर दोनदा आपटा. बाहेर वाळत घातलेले कपडे सांजवेळेआधी आत घ्या.

झोपायच्या जागेबद्दल एक सोपी गोष्ट. विंचू खडबडीत भिंत चढतो, लाकूड चढतो, पण काच किंवा गुळगुळीत फरशी त्याला चढता येत नाही. पाय घसरतात. म्हणून खाट भिंतीपासून वीतभर ओढून घ्या, खाटेचे पाय काचेच्या रुंद बरण्यांत किंवा गुळगुळीत भांड्यांत ठेवा आणि चादर जमिनीला टेकू देऊ नका. कौलारू घरात तो वरूनही पडतो, त्यामुळे मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली खोचा. ज्यांच्या घरी लहान मूल जमिनीवर झोपतं, त्यांना मी हात जोडून सांगतो, यंदा एवढं कराच.

एवढं कळकळीने सांगतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे दोन विंचू ओळखीचे. एक काळी इंगळी, मोठी, जाड नांग्यांची, दिसायला भयंकर. ती चावली तर वेदना जबर होते, पण जीव सहसा जात नाही. दुसरा लाल विंचू, बोटाएवढा, नांग्या बारीक आणि शेपूट त्या मानाने जाड. दिसायला तो इंगळीपुढे काहीच नाही, आणि खरा घातक तोच. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा या लाल विंचवाच्या विषाने रुग्णालयात आलेली गंभीर माणसं, शंभरातली तीस-चाळीस, डोळ्यांदेखत दगावत. विष अंगात गेलं की शरीरातली उत्तेजक रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेपाशी रात्री काढून हे टिपलं आणि रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी १९८०च्या दशकात वापरायला सुरुवात केली. गोळी वेळेवर मिळू लागली तसे मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या विषावरचं प्रतिविषही मिळतं. गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हेही बावस्करांनी दाखवलं.

तेव्हा विंचू चावलाच, तर घाबरू नका आणि वेळही घालवू नका. जागा साध्या पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, माणसाला आडवं ठेवा आणि आरोग्य केंद्रात न्या. वाहन नसेल तर १०८. चिरू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. मांत्रिकाकडे गेलात तर हातातला मोलाचा वेळ जाईल. मांत्रिकाचा गुण येतो असं वाटतं, कारण इंगळीची वेदना काही वेळाने आपोआपच उतरते. वेदना किती आहे यावरून विषाचा अंदाज बांधू नका. उलट दुखणं फारसं नाही, पण दरदरून घाम, उलटी, तोंडातून लाळ, हातपाय गार पडणं असं काही दिसलं, तर तिथून पुढे एक मिनिटही घरी थांबायचं नाही. खोकल्याबरोबर फेस आला तर ते फुप्फुसात पाणी भरल्याचं लक्षण. मूल असेल तर ते बरं दिसलं तरी एक दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. आणि प्राझोसिन आणून घरात ठेवायची, स्वतःच द्यायची, असं करू नका. रक्तदाब एकदम उतरतो, उभा राहिलेला रोगी कोसळतो. ती गोळी डॉक्टरांनीच द्यायची.

शेवटी एक थोडी गमतीची, पण कामाची गोष्ट. जांभळा प्रकाश टाकणारी अल्ट्राव्हायोलेट बॅटरी आता बाजारात थोडक्या पैशांत मिळते, नोटा तपासायची असते तीच. अमावास्येच्या सुमाराला, काळोख पडल्यावर दीड-दोन तासांनी तिचा झोत गडग्यावर टाका. विंचवाचं कवच हिरवट निळं चमकतं, चार-पाच पावलांवरून दिसतं. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही, एवढी त्रुटी लक्षात ठेवा. पायात गमबूट, हातभर लांबीचा चिमटा आणि काचेची बरणी, एवढी तयारी करून फिरा. बरणीत पडलेला विंचू वर चढू शकत नाही. बॅटरीचा झोत कुणाच्या डोळ्यांवर पाडू नका, पोरं हातात मिळाली की लगेच तेच करतात. दर रात्री कुठल्या भोकापाशी किती दिसले ते पाटीवर लिहून ठेवलंत, तर आठवड्यात कळतं, सिमेंट कुठल्या दर्जात भरायचं.

सापडलेल्याचं काय करायचं, हेही विचारतात. इंगळी असेल तर तिला वस्तीपासून दूर, कातळावर सोडून द्या. ती आपल्या शेतातले किडे खाते. लाल विंचू घरात सापडला तर अहिंसेचा आग्रह मी धरणार नाही. फक्त एक बघा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. मादीच्या पाठीवर वीस-तीस पिल्लं बसलेली असतात. अशा मादीवर चप्पल मारलीत तर पिल्लं चारी बाजूंना पांगतात. तिला हलकेच बरणीखाली झाका, खालून पुठ्ठा सरकवा आणि बिऱ्हाडासकट उचला. मे महिन्यातली अमावास्या आणि पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस, या दोन वेळी ही गस्त नक्की घाला. पाणी भोकात शिरलं की विंचूही कोरड्या जागेच्या शोधात निघतात.